अल्प खर्चातील चौरस आहार आणि ग्रामीण शाळा

(केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



सकाळच्या पहिल्या तासाला ज्याचे डोळे फळ्यावर खिळलेले असतात, तोच मुलगा तासा-दोन तासांत जांभया देऊ लागतो, पाटीवरचे अक्षर वेडेवाकडे होऊ लागते आणि विचारलेला प्रश्न त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, हा अनुभव खेड्यातील प्रत्येक शाळेस आहे. अशा मुलाची नोंद शिक्षकाच्या मनात ‘आळशी’ किंवा ‘मंद’ अशी होऊन जाते, आणि हजेरीपटावरील नोंद खोडता येते तशी ही नोंद सहसा खोडली जात नाही. वस्तुतः त्या मुलाच्या बुद्धीत काहीच न्यून नसते. न्यून असते ते त्याच्या रक्तात, आणि त्याचे मूळ त्याच्या ताटात असते. म्हणूनच आहाराचा प्रश्न हा केवळ आरोग्यखात्याचा प्रश्न नसून तो शिक्षणाचाही प्रश्न आहे.

भूक दोन प्रकारची असते. एक पोटाची, ती रडते, मागते, म्हणून सर्वांना दिसते. दुसरी शरीराची, ती पोट भरलेले असतानाही राहते आणि मुकी असते. भाकरी व तिखट खाऊन किंवा चहात चपाती बुडवून पोट भरते. परंतु रक्तास लोह, हाडांस चुना, डोळ्यांस अ जीवनसत्त्व आणि वाढत्या अंगास प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येतात आणि ह्याच स्त्रिया त्यांच्या माता असतात.

ह्या विषयावर बोलताना एक पथ्य प्रथमच सांगणे आवश्यक आहे. ज्या घरी चूलच पेटत नाही, तेथे चौरस आहाराचा उपदेश करणे हा उपदेश नव्हे, तो अपमान होय. अशा घराच्या बाबतीत शिक्षकाचे पहिले काम हे, की त्या कुटुंबाचा हक्क त्याला मिळतो की नाही हे पाहणे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो व अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य देय आहे. हे धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य दिले जाते आणि ही सोय १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे चालू ठेवण्यात आली आहे. कार्डावर नाव चढलेले नाही, आधाराचा अंगठा उमटत नाही, ऊसतोडीसाठी कुटुंब परगावी गेले आहे, अशा कारणांनी कितीतरी मुलांचे धान्य अडून राहते. एक अर्ज लिहून देणारा शिक्षक त्या मुलासाठी दहा व्याख्यानांहून अधिक काम करतो.

परंतु पाच किलो धान्याचाही हिशेब डोळसपणे करावयास हवा. दिवसाला ते सुमारे १६६ ग्रॅम होते आणि त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. तेव्हा मोफत धान्याचा खरा लाभ धान्यावर वाचलेला रुपया कोठे जातो, ह्यावर अवलंबून आहे. तो रुपया डाळीकडे, तेलाकडे व शेंगदाण्याकडे गेला, तर घराचा आहार सुधारतो. पुड्यांकडे व तंबाखूकडे गेला, तर घर होते तेथेच राहते.

आता प्रश्न असा, की थोड्या पैशांत चौरस आहार साधतो कसा? त्याचे उत्तर एका शब्दात सांगता येईल, आणि तो शब्द म्हणजे ‘जोडी’. कोणताही एक स्वस्त पदार्थ एकटा पुरा पडत नाही. परंतु दोन स्वस्त पदार्थ जोडीने खाल्ले असता एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

पहिली जोडी धान्य व डाळ ह्यांची. ज्वारीत शेकडा सुमारे १० भाग प्रथिने असतात व डाळींत २२ ते २५ भाग. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. उलट डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. तीन ते पाच भाग धान्यास एक भाग डाळ पडली, की दोन्हींची प्रथिने अंगी लागण्यास अधिक उपयोगी होतात. हे शास्त्र जुन्या गृहिणींना ह्या शब्दांत ठाऊक नव्हते. परंतु व्यवहारात ते त्यांच्या हाती होते. खानदेशातील कळण्याच्या भाकरीत ज्वारी व उडीद एकत्र दळलेले असतात. थालिपिठाच्या भाजणीत धान्ये व डाळी एकाच जात्यातून निघतात. माणदेशातील हुलग्याचे माडगे, कोकणातील कुळथाचे पिठले, देशावरील झुणका-भाकर ही सर्व ह्याच जोडीची रूपे होत. ज्या घरी आमटी पातळ होत होत नुसते तिखट पाणी उरते, तेथे ही जोडी मोडते, आणि तेथेच मुलाची वाढ खुंटू लागते.

दुसरी जोडी पालेभाजी व आंबटाची. बाजरीत, कडधान्यांत व पालेभाज्यांत जे लोह असते ते शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेले काही आले, म्हणजे लिंबाची फोड, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो अथवा ताजी कोथिंबीर, तर ते शोषण वाढते. ह्याच्या नेमके उलट काम चहा करतो. चहातील टॅनिनमुळे लोह बांधले जाते व अंगी लागत नाही. म्हणून न्याहारीत भाकरीबरोबर चहा देण्याची रूढी मुलांच्या दृष्टीने तोट्याची आहे. मोठ्यांनी चहा घ्यावयाचाच असेल तर तो जेवणापासून तासभर दूर ठेवावा. मुलांना त्याऐवजी नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, अथवा ताक-भाकरी द्यावी. नाचणीत चुन्याचे प्रमाण अन्य कोणत्याही धान्यापेक्षा अधिक आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून जास्त भरते.

तिसरी जोडी पाला व तेलाची. शेवग्याचा पाला, माठ, तांदुळजा, चाकवत, अंबाडी, हादगा, राजगिरा ह्यांत शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य विपुल असते. परंतु ते स्निग्ध पदार्थांवाचून शोषले जात नाही. भाजीस चमचाभर तेलाची फोडणी अथवा मूठभर दाण्याचे कूट घातले, म्हणजे हे काम होते. ह्यांतील कित्येक भाज्यांना पैसा पडत नाही. घोळ, कुर्डू, पाथरी, टाकळा ह्या पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवतात. वस्तीवरच्या वयस्क बाया त्या ओळखतात, तरुण सुना ओळखत नाहीत, आणि मुलांना तर ते नुसते तण वाटते. काखेत कळसा आणि गावाला वळसा असा हा प्रकार आहे.

ह्या तिन्ही जोड्या एका ताटात पाहावयाच्या असतील तर भोगीचा सण आठवावा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि वांगी, गाजर, घेवडा, सोललेले ओले हरभरे, शेंगदाणे व तिळाचे कूट घालून केलेली मिसळीची भाजी. त्या ऋतूत शेतात जे जे असते, ते सर्व त्या एका भाजीत एकत्र येते. त्यात दूध नाही, तूप असले तर असते, नसले तर नसते. तरीही ते पुरते चौरस जेवण आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी जे घडते, ते आठवड्यातून दोनदा का घडू नये, एवढाच प्रश्न आहे.

हे सर्व जुन्या रूढीचे कौतुक नव्हे. प्रयोगशाळेत तपासलेले ज्ञान आहे. आहारविषयक संशोधनास ह्या देशात १९१८ साली दक्षिणेतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन ह्यांच्या हातून आरंभ झाला. ती संस्था १९५८ साली हैदराबादेस आली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमला भागवत, म्हणजेच पुढे कमला सोहोनी, ह्यांनी कुन्नूर येथे व नंतर मुंबईत काम केले. कडधान्ये, दूध व नीरा हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. एका मराठी विदुषीने आपली बुद्धी गरिबाच्या ताटातील पदार्थांसाठी खर्च केली, ही गोष्ट शाळेतील मुलींना अवश्य सांगावी.

ह्यानंतर मुलाच्या पोटाचा विचार करू जाता एक निराळीच अडचण दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलास दररोज सुमारे १,७०० उष्मांक व २३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ ग्रॅम पिठाच्या एका लहान भाकरीतून सुमारे २०० उष्मांक मिळतात. केवळ भाकरीवर भागवावयाचे म्हटले, तर त्या मुलाने दिवसात आठ भाकऱ्या खाल्ल्या पाहिजेत. त्याचे पोट ते लहान, आठ भाकऱ्या त्यात मावतील कशा? म्हणून मुलास दोन वेळा ताटभर वाढण्यापेक्षा चार वेळा थोडे थोडे वाढणे हेच योग्य. आणि त्या थोड्यात थोडे तेल, थोडे दाणे असणे अगत्याचे. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १६० उष्मांक व सात ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे मूठभर दाणे जवळजवळ एका भाकरीचे काम करतात, आणि प्रथिनांच्या बाबतीत तिच्याहूनही थोडे अधिक.

शाळेतील पोषण आहाराकडेही ह्याच हिशेबाने पाहावे. पहिली ते पाचवीच्या मुलास प्रतिदिनी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, हे त्याचे प्रमाण आहे. वर सांगितलेल्या वयाच्या मुलाची एक चतुर्थांश उष्मांकांची व निम्मी प्रथिनांची गरज त्यातून भागते. तेव्हा शाळेच्या पातेल्यात डाळ खरोखर २० ग्रॅम पडते की नाही, ह्यावर शिक्षकाची नजर असणे ही कागदी बाब नव्हे. घरी आमटी पातळ असेल, तर निदान शाळेत ती दाट असली पाहिजे.

खर्च न वाढविता आहार सुधारण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे, जे घरात आले आहे ते वाया न घालविणे. तांदूळ चार-पाच पाण्यांनी चोळून धुतला व पेज ओतून दिली, की त्यातील ब गटाची जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. एक-दोनदाच धुवावा आणि बेताच्या पाण्यात शिजवावा. भाजी आधी चिरून मग धुण्याऐवजी आधी धुऊन मग चिरावी आणि झाकण ठेवून शिजवावी. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नये. सोड्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होते. कडधान्यास मोड आणावेत. मोड येताना क जीवनसत्त्व निर्माण होते व लोहाचे शोषण अडविणारे घटक कमी होतात. आंबट भाजी किंवा आमटी लोखंडी कढईत केली तर तिच्यात थोडे लोहही उतरते. मुळ्याचा पाला, फुलकोबीची कोवळी पाने फेकू नयेत. ह्यांपैकी एकाही गोष्टीस वेगळा पैसा लागत नाही.

आता दुकानाकडे वळावे. शाळेजवळच्या दुकानात टांगलेल्या रंगीत पुड्यांच्या माळा प्रत्येक गावात दिसतात. त्या विकत घेऊ नका असे मुलांना बजावून काहीही साधत नाही. त्याऐवजी हा विषय गणिताच्या तासाला घ्यावा. समजा, पाच रुपयांच्या तळलेल्या पुडीवर १२ ग्रॅम वजन छापले आहे. तर एक किलोचा भाव किती? चौथीचा मुलगा त्रैराशिक मांडून सांगेल: सुमारे ४१७ रुपये. आता समजा, शेंगदाणे १५० रुपये किलो व फुटाणे १२० रुपये किलो आहेत. पाच रुपयांत ३३ ग्रॅम शेंगदाणे येतात व त्यांतून आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. अथवा ४१ ग्रॅम फुटाणे येतात व त्यांतूनही आठ-नऊ ग्रॅम मिळतात. पुडीतून एक ग्रॅमही मिळत नाही. भाव गावोगावी निराळे असतील, उत्तराचा कल मात्र बदलणार नाही. जे उत्तर मुलाने आपल्या पाटीवर आपल्या हाताने काढले, ते तो घरी जाऊन आईला सांगतो. आणि मुलाने सांगितलेला हिशेब आई ऐकते.

ह्याहून अवघड असा एक हिशेब मोठ्या माणसांचा आहे. ज्या घरी गाय-म्हैस आहे, तेथील सगळे दूध पहाटे डेअरीला जाते आणि आलेल्या पैशांतून बिस्किटांचे पुडे येतात. ज्या शेतात सोयाबीन पिकते, तेथील सगळे सोयाबीन बाजारात जाते आणि घरच्या पिठात त्याचा दाणाही पडत नाही. कोंबडी अंगणात असते व अंडे आठवडेबाजारात. शेतकऱ्याला रोख पैसा लागतो, कर्जाचा हप्ता लागतो, हे कोणी नाकारीत नाही. तथापि घरातील लहान मुलापुरते एक कप दूध मागे ठेवावे, दहा किलो ज्वारीस एक किलो सोयाबीन उकळून, वाळवून व भाजून दळणात घालावे, जेथे चालत असेल तेथे आठवड्यातील काही अंडी घरी राहावीत, एवढे मातापित्यांस सुचविता येईल. सोयाबीन कच्चे मात्र कधीही दळू नये. कच्च्या सोयाबीनमधील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात, ती शिजविल्याने अथवा चांगले भाजल्याने निष्प्रभ होतात.

घरात कोण कधी जेवतो, हाही आहाराचाच भाग आहे. पुरुष व मुलगे आधी, मुली त्यानंतर आणि आई सर्वांच्या शेवटी, ही रीत अनेक घरी अजून आहे. शेवटच्या पंक्तीस भाकरी उरते, परंतु डाळ व भाजी संपलेली असते. वर सांगितलेला स्त्रियांतील रक्तक्षय केवळ दारिद्र्यातून येत नाही. काही अंशी तो ह्या क्रमातूनही येतो. सर्वांनी एकत्र बसून जेवावे, अथवा वाढण्यापूर्वीच प्रत्येकाची डाळ-भाजी वाटीत काढून ठेवावी. ह्या सुधारणेस छदामही लागत नाही, लागते ती केवळ इच्छा.

शिक्षकाने काय करावे ह्याइतकेच काय करू नये, हेही महत्त्वाचे आहे. ‘काल रात्री तुझ्या घरी काय शिजले?’ असा प्रश्न वर्गात कोणाही मुलाला विचारू नये. ज्याच्या घरी काही शिजले नसेल, तो खोटे सांगण्यास शिकेल आणि शाळेस दुरावेल. कोणाच्या डब्यावरून, कोणाच्या मांसाहारावरून वा सुकटीच्या वासावरून वर्गात हसू होऊ देऊ नये. सुकट हे कोकणातील गरिबाचे उत्तम व स्वस्त प्रथिन आहे. निस्तेज चेहरा, फिकट पापण्या, चालताना लागणारा दम ही चिन्हे दिसली, तर त्या मुलाचे नाव शांतपणे आरोग्य उपकेंद्रास अथवा शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या पथकास कळवावे. लोहाची गोळी, लहानांस गुलाबी व मोठ्यांस निळी, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी पोट भरल्यानंतर आपल्यासमोर द्यावी; जंतनाशक गोळीचा दिवस चुकवू नये. पोटातील जंत जे खातात, ते कितीही चांगल्या आहाराने भरून निघत नाही.

पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक शाळेने तीन कामे पार पाडावीत. पहिले, चौथी-पाचवीच्या मुलांकडून गावच्या दुकानातील व बाजारातील डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, फुटाणे, अंडी व पुड्या ह्यांचे भाव गोळा करून, दहा रुपयांत प्रत्येकातून किती ग्रॅम प्रथिने मिळतात, ह्याचा तक्ता भिंतीवर लावावा. दुसरे, गावातील वयस्क स्त्रियांना एक दिवस शाळेत बोलावून, बांधावरच्या भाज्या त्यांच्याकडून ओळखून घ्याव्यात व त्यांची नावे, ऋतू आणि करण्याची पद्धत मुलांच्या वहीत उतरवावी. ह्या दिवशी शिकविणाऱ्या त्या व शिकणारे शिक्षक, असाच बैठकीचा मान असावा. तिसरे, मुले हात धुतात ते पाणी जेथे वाहून जाते, तेथे शेवग्याच्या दोन फांद्या पावसाळ्याच्या तोंडी रोवाव्यात. त्या लवकर जीव धरतात, गुरांपासून राखल्या की वाढतात आणि त्यांचा पाला शाळेच्या आमटीत पडू लागतो.

ज्या मुलाच्या नावापुढे मनात ‘मंद’ अशी नोंद झाली आहे, त्याचे वजन व उंची ह्याच महिन्यात मोजून ठेवावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. त्याच्या ताटात डाळ, पाला आणि मूठभर दाणे नियमाने पडू लागले, तर वजनकाट्यापूर्वी वर्गालाच फरक जाणवेल. आणि मग मनातील ती जुनी नोंद खोडण्याचे काम शिक्षकाने स्वतःच्या हाताने करावे.